शेजारधर्म

मराठीत 'धर्म' हा शब्द फार ठिकाणी जाऊन बसतो. राजधर्म आहे, पुत्रधर्म आहे, अतिथिधर्म आहे. वाहणे हा पाण्याचा धर्म आणि डंख मारणे हा विंचवाचा धर्म, असेही आपण म्हणतो. पण या साऱ्यांत मला जवळचा वाटतो तो शेजारधर्म. या धर्माला ग्रंथ नाही, गुरू नाही, दीक्षा नाही. त्यात कुणी कुणाला बाटवू शकत नाही. त्याचे नियम कुठे लिहून ठेवलेले नाहीत, पण चाळीत वाढलेल्या कोणत्याही मुलाला ते तोंडपाठ असतात. शेजारी विरजण मागायला संकोच करू नये. शेजाऱ्याची किल्ली ठेवून घेताना कुठे निघालात म्हणून फार चौकशी करू नये. भांडण झाले असले तरी दुखण्याखुपण्यात अबोला धरू नये. आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे, शेजारून आलेली वाटी रिकामी परत पाठवू नये. घरात काही नसले तर चिमूटभर साखर घालावी. पण वाटी रिकामी जाता कामा नये.

मी मराठी ख्रिस्ती आहे. शेजाऱ्यावर प्रीती करावी ही आमच्याकडची फार मोठी आज्ञा. लहानपणी शब्बाथशाळेत ती पाठ केली तेव्हा तिच्यात मला काही नवल वाटले नव्हते; माझी आई दिवसभर तेच करीत असे. पुढे तरुण संघात जाऊ लागलो, देवळाभोवतालच्या वस्तीतल्या मुलांसाठी काम करू लागलो, तेव्हा ही आज्ञा किती अवघड आहे ते हळूहळू कळत गेले. तिच्यातली प्रीती मला कधी फारशी अवघड गेली नाही. अवघड गेला तो शेजारी.

आमचे देऊळ भायखळ्याचे. आमच्यातली जुनी माणसे चर्चला देऊळच म्हणतात आणि एकमेकांना भेटली की 'सलाम' करतात. मंडळीतली बहुतेक घराणी मूळची अहमदनगर जिल्ह्यातली. आता त्याला अहिल्यानगर म्हणतात. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत उतरले आणि पुढे त्यांचे काम नगरकडे पसरले. तिकडच्या खेड्यांत आमचे आजे-पणजे ख्रिस्ती झाले, आणि त्यांची मुले-नातवंडे पोटासाठी पुन्हा मुंबईला आली. कुणी रेल्वेच्या कारखान्यात, कुणी शाळेत; बायका बहुधा दवाखान्यात नर्स. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवीत. आमच्या चहूकडे सगळा देश होता म्हणाना: मदनपुऱ्यातले मोमीन विणकर, कामाठीपुऱ्यातले तेलुगू लोक, घाटावरून आणि कोकणातून आलेले गिरणीकामगार, बेने इस्रायली, थोडे पारशी. एकेका गल्लीत चार-चार पंचांगे चालत असत.

या भागात शेजाराचा एक मोठा प्रयोग आमच्या फार आधी होऊन गेला होता. १८८४ साली लंडनच्या पूर्व भागात सॅम्युएल बार्नेट नावाच्या पाद्रीसाहेबांनी आणि त्यांच्या पत्नीने टॉयनबी हॉल ही संस्था काढली. कल्पना साधी होती. गरिबांसाठी काही करावयाचे असेल तर विद्यापीठातल्या तरुणांनी आधी त्यांच्या गल्लीत राहायला जावे. १८८९ मध्ये जेन ॲडम्स आणि तिच्या मैत्रिणीने शिकागोत हल हाऊस उघडले ते हेच पाहून. त्या शिकागोहून क्लिफर्ड मॅनशार्ट हे मिशनरी मुंबईला आले आणि १९२७ साली अमेरिकन मराठी मिशनतर्फे नागपाड्यात 'नेबरहुड हाऊस' सुरू झाले. नाव पाहा. चर्च नाही, आश्रम नाही, शेजारघर! धर्मांतर हा त्या घराचा हेतू नव्हता. तिथे खेळ होते, वर्ग होते, व्याख्याने होती आणि सर्व धर्मांच्या माणसांना दार उघडे होते. १९३६ साली याच घरात सर दोराबजी टाटा विश्वस्त निधीच्या पैशाने समाजकार्याचे शिक्षण देणारी देशातली पहिली शाळा भरू लागली आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. आज तिथे जाणाऱ्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल की आपल्या संस्थेचा जन्म नागपाड्याच्या गजबजाटात झाला?

त्याच वळणाची दुसरी गोष्ट बास्केटबॉलची. १८९१ च्या हिवाळ्यात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए.च्या शाळेत जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात घरात कोंडलेल्या दांडग्या तरुणांना गुंतवून ठेवण्यासाठी भिंतीवर पीचच्या टोपल्या अडकवल्या आणि हा खेळ रचला. वाय. एम. सी. ए.च्या लोकांनी तो भारतात आणला, आणि नागपाड्याच्या पोरांनी तो असा काही उचलला की जणू विटी-दांडूसारखा त्यांच्या पंज्या-खापरपंज्यांचाच! भारताच्या संघाचे कर्णधार झालेले आणि १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुन्तसिर याच गल्ल्यांतले. ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेने काढलेला खेळ मुसलमानांच्या मोहल्ल्यात असा रुजला, आणि त्यात कुणाचा धर्म बुडाला नाही.

आम्ही पाच-सहा जणांनी १९७६ च्या सुमारास जे सुरू केले ते यापुढे फारच किरकोळ. देवळामागे एक लांबट खोली होती. रविवारी तीत शब्बाथशाळा भरे. इतर दिवशी तिला कुलूप असे. ते कुलूप आम्ही पाळकसाहेबांकडून मागून घेतले. शनिवारी दुपारी वस्तीतल्या मुलांसाठी कॅरम, बाहेरच्या भिंतीवर ठोकलेल्या लोखंडी कड्यात चेंडू टाकण्याचा खेळ, आणि आठवड्यातले चार दिवस संध्याकाळी अभ्यासिका. अभ्यासिकेची कल्पना आमची नव्हेच, ती मुलांची. दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ माणसे, त्यांतली निम्मी पाळी करून आलेली आणि झोपलेली. त्यात वही उघडायची कुठे? आम्ही चार दिवे लावले, दोन बाके टाकली आणि गप्प बसलो. गप्प बसणे हाच त्यातला शिकवण्याचा भाग होता.

पण गप्प बसणे सर्वांनाच मानवत नसे. संघात वाद होत. काहींचे म्हणणे असे की, मुले येतात, खेळतात आणि जातात. प्रभूचे नाव त्यांच्या कानावर पडत नसेल तर आपण मंडळी कसली, जिमखानाच म्हणायचा. दुसरे म्हणत की, चेंडू दाखवून मुले गोळा करायची आणि मग वचन काढायचे, ही पारध झाली. दोन्ही बाजू प्रामाणिक होत्या, त्यामुळे वाद लवकर मिटण्यासारखा नव्हता. शेवटी पाळकसाहेबांनी निकाल दिला. ते म्हणाले, "विचारल्यावाचून बोलू नका, विचारलं तर लपवू नका." हा निकाल आम्ही पुष्कळ वर्षे पाळला, आणि मुले विचारीत नाहीत असे मुळीच झाले नाही. तुमच्या देवळात मूर्ती का नाही? तुमचे लोक कुंकू का लावीत नाहीत? एका सात वर्षांच्या पोराने विचारले, "तुमचा देव जेवतो का?" त्याला आमच्या शब्बाथशाळेच्या बाईंनी उत्तर दिले, "जेवायचा की. पण स्वतःच्या घरी फार थोडा. बहुतेक वेळा दुसऱ्यांकडेच."

या बाई म्हणजे साठी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, नगरच्या बोलीत बोलणाऱ्या. व्याख्यान त्यांनी जन्मात दिले नसेल. पण या कामाबद्दल मला जे थोडेफार कळते ते त्यांच्याकडे पाहून.

एका शनिवारी एक बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नवरा गिरणीत, मुलगा आमच्याकडे अभ्यासाला. बराच वेळ त्या आत बघत राहिल्या, मग मला म्हणाल्या,

"भाऊ, एक इचारू? राग मानू नका."

"विचारा की, मावशी."

"तुमी फी घेत न्हाई, वर्गणी मागत न्हाई. मग तुमाला ह्यात मिळतं काय?"

मी शब्द जुळवतो आहे तोच त्यांनी खरा प्रश्न काढला, "पोराला बाटवणार तर न्हाई ना?"

आमच्या बाई मागेच होत्या. त्या हसून म्हणाल्या, "बाटायला तो काय पाण्याचा हंडा आहे? पोरगा तुमचा आहे, तुमचाच राहील. तुम्ही इथं येऊन बसत जा. काय चालतं ते डोळ्यांनी बघा." आणि त्या खरोखरच येऊन बसल्या. लागोपाठ तीन शनिवार दाराशी बसून त्यांनी सुपात तांदूळ निवडले, आणि चौथ्या शनिवारी धाकट्यालाही पाठवले.

संघातल्या काही जणांना त्या प्रश्नाचा राग आला होता. मला आला नाही. त्या प्रश्नामागे या शहराची पुष्कळ वर्षे उभी होती. १८३९ साली जॉन विल्सन यांच्या शाळेतले दोन पारशी तरुण ख्रिस्ती झाले तेव्हा प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि पारशी आईबापांनी भराभर आपली मुले शाळेतून काढून घेतली. ज्यांच्या नावाने आज विल्सन कॉलेज आहे, तेच हे विल्सन. विद्या पाहिजे, पण तिच्या बदल्यात मुलगा जाईल की काय, ही धास्ती मुंबईच्या हाडांत तेव्हापासून बसली आहे. धर्म बाजूला ठेवला तरी, ज्या गावात पाण्याच्या पिंपावरही कुणाचा ना कुणाचा हक्क असतो, तिथे फुकट देणाऱ्याचा संशय यायचाच. मुंबईत जे फुकट मिळते त्याचे बिल मागाहून येते, हे गिरणीकामगाराच्या बायकोला आमच्याहून अधिक ठाऊक होते.

हे काम एकट्या ख्रिस्ती लोकांनीच केले असेही कुणी समजू नये. शब्बाथशाळा म्हणजे मुळात काय होते? १७८० साली इंग्लंडात ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्राच्या मालकाने आठवडाभर राबणाऱ्या पोरांना त्यांच्या एकुलत्या एका सुट्टीच्या दिवशी वाचायला शिकवले, ती खरी शब्बाथशाळा. इकडे विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत अस्पृश्यांसाठी संस्था काढली. शिंदे प्रार्थना समाजाचे. ऑक्सफर्डला धर्माचा अभ्यास करून आलेले. त्यांनी इंग्रजी नावात 'मिशन' हा आमचा शब्द घेतला आणि मराठी नावात 'मंडळी' हाही. १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली आणि गिरणगावात रात्रीच्या शाळा नि वाचनालये चालवली. शब्द इकडून तिकडे गेले, रीती तिकडून इकडे आल्या. वाटी फिरत राहिली.

तरीही मावशींच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कुणी दिले नव्हते. मिळते काय? पुण्य म्हणावे तर आमच्या पंथात कर्माने तारण होत नाही. समाधान म्हणावे तर तो पगारच झाला, फक्त नाण्यात मोजता न येणारा. तो प्रश्न बरीच वर्षे माझ्यापाशी राहिला, आणि त्याचा विचार करताना मला दर वेळी माझे आजोबा आठवत.

आजोबा मूळचे महार. गावात त्यांना दान मिळत नव्हते असे नाही. सणावाराला मिळे; शिळी भाकरी मिळे, उष्टे अन्न मिळे, उतरलेले कपडे मिळत. सारे वरून टाकलेले. पण त्यांच्या हातचे पाणी गावात कुणी घेत नसे. पुढे ते ख्रिस्ती झाले. मिशनच्या बंगल्यातही देणारे पुष्कळ भेटले, असे ते सांगत. मग थोडे थांबून म्हणत, "पण आपल्या घरी येऊन भाकरी खाल्ली ती एकाच साहेबानं. तो ख्रिस्ती होता हे मला त्या दिवशी पटलं." आपल्या देशात देणे हा कधी मोठा प्रश्न नव्हता. ज्याची सावली चालत नाही त्यालाही लोक दान देतच होते. प्रश्न होता तो घेण्याचा. कोण कुणाच्या हातचे घेतो, कोण कुणाच्या तळ्याचे पितो. नागपाड्यात शेजारघर उघडले ते साल १९२७. त्याच वर्षी २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आपल्या लोकांना घेऊन पाणी प्यायला गेले. त्या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. माझ्या मनात मात्र त्या शेजारी-शेजारी राहतात.

सेवा करणाऱ्याला नेमका हाच धडा जड जातो. त्याचा हात द्यायला सरावलेला असतो, त्यामुळे तो नेहमी वर असतो. त्याला वाटते, घेतले तर सेवेला उणेपणा येईल. आणि समोरच्याला मात्र दर शनिवारी रिकामी वाटी घेऊन घरी जावे लागते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. महिना गेला, पावसाळा गेला, संप मिटेना. आमच्या खोलीतली मुले एकेक करून दिसेनाशी होऊ लागली. कुणी आईबरोबर गावी गेला, कुणी चहाच्या दुकानात कपबशा विसळू लागला. मंडळीने वर्गणी काढून तांदूळ-डाळीच्या पिशव्या केल्या आणि आम्ही त्या घरोघर पोचवल्या. मावशींनी पिशवी उंबऱ्याबाहेरच ठेवायला लावली. "आमी संपावर हाय, भाऊ. भीक मागाया न्हाई निघालो." पिशवी परत आली. त्या वर्षीच्या दिवाळीत बोनस नव्हता. त्यांच्या चाळीत फराळाचा वास आला नाही, असे मुले सांगत.

आमच्या बाई त्यावर काही बोलल्या नाहीत. डिसेंबर उजाडला, नाताळ आठ-दहा दिवसांवर आला, तेव्हा त्या एकट्याच मावशींच्या खोलीवर गेल्या. आमच्याकडे नाताळाला करंज्या, चकल्या, लाडू होतात. म्हणजे दिवाळीच ती, महिनाभर उशिरा येणारी. बाई म्हणाल्या, "अहो, मुलांसाठी दोनशे करंज्या व्हायच्यात आणि माझे हात आता कापतात. येता का?" मावशी आल्या. बरोबर चाळीतल्या आणखी दोघी आल्या. तीन दुपारी देवळामागच्या त्या खोलीत स्टो भणभणत होता. पहिल्याच घाण्यानंतर मावशींनी करंजी मोडून बघितली आणि म्हणाल्या, "बाई, तुमचं मोहन कमी पडतंय." बाईंनी निमूटपणे पीठ त्यांच्यापुढे सरकवले.

इतक्या वर्षांत त्या खोलीत पुष्कळ प्रार्थना झाल्या, पुष्कळ भाषणे झाली. पण वस्ती आणि मंडळी यांची खरी ओळख मी त्या एका वाक्यापासून धरतो. त्या दिवसापर्यंत आम्ही देणारे होतो आणि त्या घेणाऱ्या होत्या. मोहन कमी पडले तेव्हा आम्ही शेजारी झालो. तिसऱ्या दिवशी निघताना मावशींच्या पिशवीत करंज्या होत्या आणि तांदूळही होते. तशीच पिशवी, तेवढेच तांदूळ. कुणी त्याला मदत म्हटले नाही, कुणी काही नोंदवून घेतले नाही.

शुभवर्तमानातल्या ज्या गोष्टी लहानपणापासून ऐकत होतो त्या मला त्यानंतर जरा निराळ्या दिसू लागल्या. भर दुपारी विहिरीवर आलेल्या शोमरोनी बाईला प्रभू उपदेश करतो, हे आम्हांला ठाऊक होते. पण त्याआधी तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. तेही अशा जातीच्या बाईकडे की जिच्या भांड्यातले पाणी यहुद्याला चालत नसे. महाराष्ट्रातल्या माणसाला त्या मागण्याचा अर्थ कुणी समजावून सांगायला नको. जक्कय नावाचा जकातदार झाडावर चढून बसतो. प्रभू त्याला काही देत नाही. तुझ्या घरी मुक्कामाला येतो, एवढेच सांगतो. सारे बदलते ते त्यानंतर. म्हणजे मुलांना दिलेले बाईंचे उत्तर किती बरोबर होते!

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत जे घडले त्याविषयी मी लांबण लावणार नाही. सरकारी हिशेबाने नऊशे माणसे मेली. आमच्या भागात संचारबंदी होती. देवळाला कुणी हात लावला नाही, पण देवळाच्या भोवतालचे जे होते ते फाटले. बाई एकट्या राहात. संचारबंदी सैल होई त्या तासाभरात आमच्याकडे कॅरम खेळून मोठा झालेला, बेकरीत काम करणारा एक मुसलमान मुलगा कागदात गुंडाळून पाव आणून देई. बाईंनी तो कागद कधी रिकामा परत पाठवला नाही. एकदा चहाची पूड, एकदा चार लवंगा. एकदा घरात काहीच नव्हते तर सुईदोरा. सुईदोऱ्याचे त्याने पुढे काय केले कोण जाणे, पण घेऊन गेला.

फेब्रुवारीत आम्ही खोली पुन्हा उघडली. पूर्वी कॅरमच्या चार बाजूंना चार गल्ल्यांतली मुले बसत. आता दोनच गल्ल्यांतली येऊ लागली. आमच्या बाजूची कितीतरी हिंदू कुटुंबे दुसरीकडे निघून गेली होती. आणि शहराच्या इतर भागांतून मुसलमान कुटुंबे मुंब्र्याला नाहीतर नागपाड्यासारख्या आपल्या माणसांच्या वस्तीत आली होती. मावशींचे बिऱ्हाड डोंबिवलीला गेले. शेजाऱ्यावर प्रीती करा हे खरे, पण शेजारीच उठून गेला तर? त्या दिवसांत खोली उघडून बसणे हेही मनाला जड वाटे. पण शनिवार आला की आम्ही कुलूप काढीत असू. एप्रिलमध्ये एका शनिवारी मावशींचा धाकटा दारात उभा. तेव्हा तो कॉलेजला जात होता. मी म्हटले, "अरे, डोंबिवलीहून एवढ्या लांब कशासाठी आलास?" तो म्हणाला, "शनिवार आहे ना!" आणि कॅरमच्या रिकाम्या बाजूला जाऊन बसला.

आता आमचीच मंडळी पांगली आहे. जुन्या चाळी पडल्या, तिथे उंच इमारती आल्या. आमची मुले मीरा रोडला, वसईला, कल्याणला, पुण्याला गेली. रविवारी ती गाडीने उपासनेला येतात आणि दुपारी परत जातात. भजने होतात, पेटी-तबला वाजतो, वर्गणी गोळा होते. पण देवळाच्या फाटकाबाहेर राहणारा एकही माणूस मंडळीत राहिलेला नाही, आणि मंडळीतला क्वचितच कुणी फाटकाबाहेर राहतो. बार्नेट म्हणत, गल्लीत राहायला या. आमची मुले गल्लीतून निघून गेली. मग शनिवारी विरारची गाडी पकडून जी वीस-बावीस वर्षांची पोरेपोरी इथे शिकवायला येतात, त्यांना शेजारी म्हणायचे कसे?

त्यांच्यातली काही येतात ती कॉलेजच्या कामासाठी. १९६९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. दयेचे असे तास मोजलेले पाहून आमच्या वयाच्या माणसांना हसू येते. पण तास भरले तरी येत राहिलेली दोन-तीन मुले मी दर वर्षी पाहतो, आणि हसू आवरते घेतो.

दयाळू शोमरोन्याची गोष्टही मला अलीकडे निराळी दिसू लागली आहे. 'माझा शेजारी कोण?' असे एका शास्त्र्याने विचारले, म्हणून ती सांगितली गेली. लुटारूंनी मारून टाकलेल्या माणसाला याजक ओलांडून गेला, लेवी ओलांडून गेला. थांबला तो परका. ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. पण तो शोमरोनी त्या गावचा नव्हता, वाटसरू होता, याकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. त्याचे घर तिथे नव्हते, गल्ली तिथे नव्हती. त्याने जखमा बांधल्या, धर्मशाळेत नेले, खर्चाचे पैसे दिले आणि निघाला. निघताना मात्र म्हणाला की मी परत येईन, आणि वर खर्च झाला असेल तो तेव्हा देईन. त्या परतीच्या वचनाने तो वाटसरूचा शेजारी झाला. गाडीने येणाऱ्या आमच्या मुलांना मी आता शेजारी म्हणू शकतो ते या आधारावर. फक्त परत यायला हवे.

वसईची एक मुलगी मुलींना गणित शिकवते. पूर्वी आमच्याकडे मुलगेच येत; आता मुली अधिक येतात, आणि अभ्यासाला बसायला जागा नसणे ही अडचण इमारती उंच झाल्या तरी तशीच आहे. गेल्या ईदच्या आदल्या दिवशी त्या मुलींनी मिळून तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत मेंदीने भरून टाकले. रविवारी ती तशाच हातांनी भजनाला उभी राहिली. आमच्यातल्या दोघा-तिघा वडिलांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आताचे पाळक तरुण आहेत, ते तिला एवढेच म्हणाले, "रंग छान आलाय. शिरखुर्मा मिळाला की नाही?" ती म्हणाली, "डबा भरून दिलाय. तुमच्यासाठीसुद्धा." मावशींना मिळाले नव्हते ते उत्तर मला वाटते त्या डब्यात होते.

नवी मुले कामाला लागण्याआधी कधीकधी माझ्याकडे येतात. माझे वय झाले आहे, त्यामुळे मी काही उपदेश करीन अशी त्यांची समजूत असते. मी त्यांना दोनच गोष्टी सांगतो. मुलांना पुढच्या वेळी कधी येणार ते सांगा आणि त्या दिवशी या. पाऊस असो, गाड्या बंद असोत, कसेही करून या. आणि कुणाच्या घरी चहा पुढे आला तर नको म्हणू नका. मला मधुमेह आहे, साखर वर्ज्य आहे. आणि त्या गल्ल्यांतला चहा पाकासारखा गोड असतो. तरी दोन घोट घेतो. बशी रिकामी करणे मला आता जमत नाही, पण कप ओठाला लागलेला त्या घरच्या बाईने पाहायला हवा.